रेषेबाहेरून

"नाव सांग, जोसकुट्टी. एवढंच विचारतोय," नगराध्यक्ष सुगतन म्हणाले.

साप्ताहिकाच्या संपादकानं चष्मा पुसला. "पाकीट पोस्टानं येतं, साहेब. खाली नाव नसतं. टाईप झालं की कागद फाडतो. मला खरंच माहीत नाही."

दर शुक्रवारी चौथ्या पानावर 'रेषेबाहेरून' हे निनावी सदर यायचं. कधी नगरपालिका, कधी टीव्हीवरच्या चर्चा, कधी सात-सात खेळाडूंच्या 'सेव्हन्स' फुटबॉलचे सामने. या खेपेला तिन्ही एकत्र होते. 'परवा टीव्हीवर आपले नगराध्यक्ष पाणीयोजनेवर बावीस मिनिटं बोलले. पाण्याचं नाव त्यांनी एकदाच घेतलं, प्यायला मागितलं तेव्हा. निवेदकानं एकही प्रश्न विचारला नाही. पंच शिट्टी घरी विसरला की असलेच सामने होतात.'

केरळातल्या मलप्पुरमकडच्या त्या लहानशा शहरात चहाच्या दुकानांत हे मोठ्यानं वाचलं जाई. सुगतन जवळ आले की वाचणारा थांबे. ते पुढं गेले की मागं हसू फुटे.

त्याहून वाईट म्हणजे लिहिणाऱ्याला आतलं कळत होतं. गावातलं अर्धं फुटबॉलचं मैदान बस उभ्या करायला द्यायचा ठराव अजून फायलीतच होता. तोही छापून आला.

दुपारी ते जेवायला घरी गेले. आई टीव्हीसमोर होती. आवाज बंद ठेवून ती दिवसभर बातम्या आणि फुटबॉल बघायची. पानावर बसल्यावर सुगतनांची नगरपालिकेतल्या गोष्टींवरची रोजची तणतण सुरू झाली.

"तो आलीकुट्टी मास्तरच. खेळातलं एवढं दुसऱ्या कुणाला कळतंय? मैदानाच्या कुंपणाच्या दुरुस्तीसाठी चारदा अर्ज केला, चारदा मी फेटाळला. डूख धरलाय त्यानं."

"आलीकुट्टी?" आई म्हणाली. "त्याला कुठं रे लिहिता येतंय. मी शाळेत शिकवायचे तेव्हा माझ्या वर्गात चार ओळींचा अर्ज लिहिताना रडायचा."

"आता शिकला असेल, अम्मा."

आईनं भातावर ताक ओतून घेतलं आणि टीव्हीकडे बघितलं. "ऑफसाइड होता," ती म्हणाली.

सोमवारी आलीकुट्टी मास्तरांना नगरपालिकेत बोलावलं. स्थानिक चॅनलचा कॅमेरा आधीच लावलेला होता. शाळेतून निवृत्त झालेले हे खेळाचे मास्तर बावीस वर्षं त्या मैदानावर रोज संध्याकाळी फुकट शिकवत होते. त्यांनी शिकवलेल्या दोन मुली राज्याच्या संघात गेल्या होत्या.

"तुम्हीच लिहिता ना?" सुगतनांनी विचारलं.

"नाही म्हटलं तर सोडाल?"

"सोडीन. मग दुसऱ्याला शोधीन. जो सापडेल त्याला या गावात राहणं मुश्कील करीन."

मास्तर कॅमेऱ्याकडे वळले. "मग मीच समजा," ते म्हणाले.

दिवसभर चॅनलवर पट्टी फिरत होती: मुखवटा गळून पडला. निवेदक जोरजोरात बोलत होता. मास्तरांची बाजू मात्र कुणी विचारली नाही. मंगळवारी मास्तरांकडून मैदानाची किल्ली काढून घेतली, फाटकाला कुलूप लागलं, त्यांना आत यायची बंदी झाली. गुरुवारी ते पालक्काडला मुलीकडे निघाले. स्टँडवर त्यांच्या चौदा खेळाडू मुली उभ्या होत्या. दर शुक्रवारी हसणाऱ्यांपैकी एकही जण आला नाही.

"पळणं सोडू नका," बसमध्ये चढताना मास्तर म्हणाले. "मैदान नसलं तरी रस्ता आहे."

त्या शुक्रवारी चौथ्या पानावर मोबाईलच्या दुकानाची जाहिरात होती.

"बघितलंस? गेला एकदाचा," सुगतन जेवताना म्हणाले.

"मुली कुठं खेळतात आता?" आईनं विचारलं.

"मला काय माहीत."

"भूक नाही आज," म्हणून तिनं हात धुतला.

पुढच्या शुक्रवारी सकाळी सुगतन मुद्दाम चहाच्या दुकानात शिरले. बाकावर मधोमध बसले आणि काळा चहा मागवला. "थांबलात का? वाचा की, मीही ऐकतो," ते मोकळेपणानं हसले.

कुणी हसलं नाही. दुकानदारानं अंक त्यांच्यासमोर ठेवला. 'रेषेबाहेरून' जागेवर होतं. त्यांनी वाचायला घेतलं.

'आलीकुट्टी मास्तरांनी या सदरातली एक ओळही लिहिलेली नाही. त्यांनी भोगलेली शिक्षा माझी होती. ती त्यांना भोगताना बघून मी गप्प राहिले, याची मला लाज वाटते. मैदानाची किल्ली त्यांच्या हातात परत जाईपर्यंत मी आजपासून फाटकाशी बसणार आहे. नगराध्यक्षांना माझी अडचण झाली तर त्यांनी मला खुशाल उचलून न्यावं. लहानपणी मीही त्यांना पुष्कळ उचललंय.'

खाली पहिल्यांदाच नाव होतं: कार्त्यायनी टीचर, सुगतनची आई.