सोडा, मामा

सकाळी सव्वादहा वाजता अंगणात उभ्या केलेल्या गाडीखाली गिअरबॉक्स धाडकन खाली आला. खाली जावई, अभिनंदन, उताणा पडलेला होता. जॅकचा दांडा सासऱ्यांच्या, अण्णासाहेबांच्या हातात होता.

मिनिटभरापूर्वीपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. गाडीच्या पुढच्या बाजूला गिअरबॉक्सचा नवा कूलर बसला होता. गिअरबॉक्स जॅकवर इंजिनापर्यंत चढला होता. मधे फक्त बोटभर फट राहिली होती.

"बोल्ट आवळा की, आपोआप ओढला जाईल," अण्णासाहेब म्हणाले.

"नाही मामा. इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला देणारा आतला नवा टॉर्क कन्व्हर्टर पुरता बसलेला नाही. तसाच ओढला तर गिअरबॉक्सचा तेलाचा पंप फुटेल."

"यूट्यूबवर शिकलेले मेकॅनिक तुम्ही! आम्ही ट्रॅक्टर असेच जोडले."

"ट्रॅक्टर वेगळा, मामा. जाऊ दे, सोडा."

विषय सोडा, असं त्याला म्हणायचं होतं. अण्णासाहेबांना वाटलं, जॅक सोडायला सांगतोय. त्यांनी दांडा फिरवला.

अभिनंदनची बायको रोहिणी स्वयंपाकघरातून धावत आली. "बाबा, काय केलंत?"

"तेच सोडा म्हणाले गं." अण्णासाहेब जॅक पुन्हा चढवायला दांडा वरखाली मारत होते. रोहिणीनं ॲम्ब्युलन्सला फोन लावला, पण तिला स्वतःच्या गल्लीचं नाव आठवेना. ते शेजाऱ्यांनी सांगितलं.

गिअरबॉक्स आता वीतभर वर आला आहे. रोहिणी जमिनीवर आडवी होऊन हाका मारते आहे. अभिनंदनचा डावा पाय एकदा हलला. तो त्यानं हलवला की जॅकच्या धक्क्यानं हलला, ते अजून कळलेलं नाही.