बघावा असा

"शब्द तुमचेच आहेत, साहेब. एक अक्षर आमचं नाही," फोनवरचा माणूस गोड आवाजात म्हणाला.

समीक्षकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या हातात नव्याकोऱ्या डीव्हीडीचा डबा होता. त्यावर हीरोच्या छातीवर आडवं छापलं होतं, 'घरी बसून, सगळ्या कुटुंबानं मिळून बघावा असा हा सिनेमा!' खाली त्याचं नाव आणि त्याच्या पेपरचं नाव.

"आणि पुढचा 'नाही'? तो कुठं गेला?"

"डब्याची रुंदी कमी पडली, साहेब."

"एका शब्दाला?"

"मोठ्या टाइपात घेतलंय ना. तुमचा मान राखून." आणि माणसानं फोन ठेवला.

समीक्षक खोलीभर येरझारा घालू लागला. थिएटरात गाजलेले सिनेमे डीव्हीडीवर आले की ते घरी बसून पुन्हा बघायचे आणि दर रविवारच्या सदरात त्यांची सालटी काढायची, हा त्याचा धंदा. लोक हसत हसत वाचत आणि तोच सिनेमा विकत आणत. याची त्याला सवय झाली होती. पण आता लोक त्याच्याच शब्दावर फसत होते. सकाळी खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यानं त्याला जिन्यात गाठलं होतं. "तुमच्या भरवशावर आणला हो. सासूबाईंना बसवून दाखवला. आता घरात कुणी माझ्याशी बोलत नाही." दाढ दुखत असूनही त्या दवाखान्याची पायरी चढायची आता सोय उरली नव्हती.

"ध चा मा करायला निदान एक अक्षर लिहावं तरी लागतं," तो ओरडला. "या लेकाच्यांनी नुसती कात्री मारली! वीस वर्षं शब्दन्‌शब्द तोलून लिहितोय मी!"

"मग 'नाही' आधी लिहीत जा," बायको इस्त्री करता करता म्हणाली. "शेवटी ठेवला की गळून पडतो."

त्यानं खरंच करून पाहिलं. "नाही बघावा असा हा सिनेमा," तो मोठ्यानं म्हणाला. अंगाई म्हटल्यासारखं वाटलं. बायको फिसकन हसली. तो आणखी भडकला.

कोपऱ्यातल्या खुर्चीत मुलगी बसली होती. मांडीवर घडी केलेला ॲप्रन, बोटाला चिकटपट्टी. चष्म्याच्या दुकानात ती भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची. आज तिचा तिथला शेवटचा दिवस होता. उद्या सकाळी तिला बापाच्या पेपरात रुजू व्हायचं होतं, त्याच्याच शेजारच्या टेबलावर.

"बाबा, उद्याचं मला जरा—"

"उद्याचं सगळं ठरलंय. संपादक स्वतः थांबणार आहेत. तू फक्त वेळेवर निघ."

"तसं नाही, ते दुकानातले काका म्हणत होते की—"

"म्हणणारच! फुकटात इतकं नेटकं काम करणारं माणूस कुणाला सोडवतंय? ते जाऊ दे. हे बघ, हा डबा बघ! उद्यापासून तुझ्याही नशिबी हेच आहे."

मुलीनं डबा हातात घेतला. बायकोनं इस्त्री उभी केली आणि एकदा मुलीकडे, एकदा ॲप्रनकडे पाहिलं.

मुलीची ही नोकरी म्हणजे त्याच्या आयुष्यातली एकमेव चांगली बातमी होती. ऑफिसात भेटेल त्याला तो सांगत सुटला होता. कुणाच्या आग्रहानं नाही, पोरीनं आपल्या तोंडानं सांगितलं, 'बाबा, मला पेपरात काम करायचं.' हेच शब्द. ते कानावर पडले आणि त्यानं तिथल्या तिथं संपादकांना फोन लावला. चांगल्या कामात दिरंगाई कशाला?

"शब्द माझेच म्हणे!" त्याचं पुन्हा सुरू झालं. "अरे, शब्द माझे असतील, पण बोलणं माझं आहे का? माणसाचं वाक्य शेवटपर्यंत ऐकून घ्यायला यांच्या बापाचं काय जातं? सोयीचं तेवढं उचलायचं आणि गावभर मिरवायचं. वर मान राखला म्हणतात! आणि ज्याचं वाक्य, त्यानं नुसतं बघत बसायचं. काय वाटत असेल त्याला, याचा कुणी विचार करतं?"

बोलून बोलून त्याला धाप लागली. तो मटकन कॉटवर बसला.

"तूच सांग आता. काय वाटत असेल?"

"मला माहितीये काय वाटतं ते," मुलगी म्हणाली.

"तुला गं कसं माहीत? तुझं कुणी कापलं?"

मुलीनं डबा टेबलावर ठेवला. आईनं इस्त्रीचं बटण बंद केलं. समीक्षक पहिल्यांदाच उत्तराची वाट बघत बसला.

"बाबा, मला पेपरात काम करायचं," ती म्हणाली आणि सवयीनं थांबली. एरवी तो इथंच बोलायला लागायचा.

आज तो गप्प होता.

"नाही."