ढग तुडवणारा राक्षस

"कट," कल्याण म्हणाला. राक्षस पुन्हा पाया पडला होता.

परतूरच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात कापसाची गंजी लागलेली होती आणि कल्याणच्या सिनेमात ती ढगांचं राज्य होती. सिनेमा लहान मुलांचा, जेमतेम वीस मिनिटांचा. कल्याण आठवडाभर जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या प्लँटवर सुपरवायझर असायचा आणि रविवारी दिग्दर्शक. आज शेवटचा शॉट होता. राक्षसानं जमिनीवरून चालत यायचं, ढगांवर चढायचं आणि ते पायाखाली तुडवायचे. ढगांवर बसलेल्या परीनं घाबरून रडायचं. एवढं झालं की सिनेमा पुरा. नाही झालं तर सगळंच मुसळ केरात, कारण हंगामातली ही शेवटची गंजी होती आणि जिनिंगचे मॅनेजर काकासाहेब कापूस आत न्यायला दुपारी तिच्यात ट्रॅक्टर घालणार होते.

राक्षस होता कडूबा, त्याच जिनिंगवरचा हमाल. दारातून वाकून आत येणारा माणूस. त्याला फार नटवावंही लागलं नव्हतं; थर्माकोलची शिंगं आणि काळी घोंगडी, बास. गेटपासून गुरगुरत तो असा काही यायचा की कॅमेऱ्यामागचा आर्यनसुद्धा दचकायचा. पण गंजीपाशी आला की वाकायचा, कापसाला हात लावून कपाळाला न्यायचा आणि मगच पाय टाकायचा. पाय टाकल्यावर तुडवायचा मात्र झकास.

"मामा, तुम्ही राक्षस आहात," कल्याण म्हणाला. "राक्षस कधी पाया पडतो का?"

"न्हाई पडत," कडूबानं कबूल केलं. "मी काय मुद्दाम करून राह्यलो का, कल्याणभाऊ? लक्ष्मीवर पाय द्यायचा म्हनलं की हात जातोच खाली."

"मग आधीच पाया पडून घ्या. शॉट सुरू व्हायच्या आधी."

कडूबानं मनोभावे पाया पडून घेतलं, गेटपाशी गेला, गुरगुरत आला आणि पुन्हा वाकला. गंजीवर बसलेली प्रिया, म्हणजे परी, खो खो हसली. तिला सकाळपासून रडायचं होतं आणि ते काही जमत नव्हतं.

"दादा, वाकलेलं एडिटिंगमध्ये काढून टाकू ना," आर्यन म्हणाला.

कल्याणला ते पटेना. पाय थेट ढगावर पडला पाहिजे, मध्ये कापाकापी नको. पोरं घाबरलीच नाहीत तर राक्षस कशाला घ्यायचा? त्यानं मागं वळून पाहिलं. शेडच्या दारात काकासाहेब ट्रॅक्टरवाल्याशी बोलत उभे होते. त्याचा धीर सुटला.

"शिंगं काढा, मामा. मीच करतो."

कडूबानं शिंगं काढली. घोंगडीची नीट घडी घातली. आपण राक्षस झालोय हे त्यानं अर्ध्या परतूरला सांगून ठेवलं होतं आणि घरी नातीला तर रोज गुरगुरून दाखवत होता. आता तो बाजूला जाऊन उभा राहिला. कल्याणला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. पण सिनेमा करायचा तर एवढं कठोर व्हावं लागतं, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली, बूट काढले आणि शिंगं बांधली.

आर्यननं खूण केली. कल्याण निघाला. गुरगुरणं कडूबाइतकं साधलं नाही, पण डोळे बरे वटारले होते. प्रियाचं हसू थांबलं. जमतंय, असं कल्याणला आतून वाटलं आणि त्याला जोर चढला. तो गंजीवर चढला आणि जीव खाऊन कापूस तुडवायला लागला.

"कट," आर्यन हळूच म्हणाला.

"का? काय झालं?"

"दादा, तुम्ही पण."

"मी पण काय?"

आर्यननं कॅमेऱ्याचा छोटा पडदा त्याच्याकडे फिरवला. पडद्यावर एक शिंगवाला राक्षस तरातरा आला, वाकला, ढगाला हात लावून कपाळाला नेला आणि मग ढगावर चढला. लहानपणी बैलगाडीत भरलेला कापूस तुडवायला चढवताना वडील कल्याणला असंच वाकायला लावायचे.

कोणी हसलं नाही. प्रियासुद्धा नाही. शेडकडून ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. कल्याणनं शिंगं सोडली आणि कडूबापुढं धरली.

कडूबानं हात पुढं केला नाही. "मी पुन्ना पाया पडीन, भाऊ. खोटं कशाला बोलू?"

"पडा," कल्याण म्हणाला. "पन जल्दी चला. राक्षसाच्या घरी बी कापूस असंल."