कुठल्या पाण्याची शिंपी

रेवाबाईच्या झोपडीतून पाण्यात जित्या ठेवलेल्या शिंपल्यांचं मडकं बाहेर आणून लिंबाखाली ठेवलं, तरी ती रडली नाही. रडायचं ते तिचं मागच्या आठवड्यातच संपलं होतं.

भिल्लांच्या त्या वस्तीत जुलाब-उलट्यांनी चार पोरं गेली होती. त्यातली एक रेवाबाईची. नवरा आधीच गेलेला, ती पोर तेवढी उरली होती.

एवढी पोरं एकदम गेली म्हणजे कुणीतरी देवाच्या डोहात हात घातला, हे भिलाटीत कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. गोमाई नदीच्या वरच्या वळणावर तो डोह. तिथलं पाणी प्यायचं नाही, मासा धरायचा नाही, शिंपी तर उचलायचीच नाही. आजे-पणजे गेले, पण तिथल्या शिंपीला त्यांनी बोट लावलं नाही. बाकीची नदी सगळ्यांची. चैत्रात पाणी उतरलं की बाया गाळात पाय चाचपत शिंपल्या वेचायच्या, ओल्या पोत्यात घालून आणायच्या आणि ताज्या ताज्या निखाऱ्यावर भाजायच्या.

पोरं आजारी पडायच्या आदल्या दिवशी रेवाबाईला त्या वळणाकडून येताना कालीबाईनं पाहिलं होतं. डोक्यावर ओलं पोतं होतं.

रायसिंग कारभारी घसा खाकरून म्हणाला, "सांगी दे रेवा. शिंपल्या कथाईन आन्यात?"

"गोमाईमाईन. खालना उतारवर सापडन्यात."

"कोनी देखं?"

"कोनीच नही."

झालं! आता शिंपीच ती. तिच्या अंगावर का डोहाचं नाव गोंदलेलं असतं?

गुन्हा ठरला तर दिवस मावळायच्या आत वस्ती सोडायची आणि पुन्हा या काठाला पाय लावायचा नाही. पोरीला त्याच काठावर पुरलं होतं. रोज सकाळी रेवाबाई तिथल्या दगडांवर ओंजळभर पाणी शिंपडून यायची. काय वाटेल ते करा, तेवढं राहू द्या, असं ती म्हणाली, तर कालीबाई फिसकारली, "पोरेसले खाई गई, आनि आते पानी शिपडस!"

कालीबाईचा नातूही त्या चारांत होता. तिला तरी कुणी काय बोलावं?

तेवढ्यात खात्याबाबा काठी टेकत आला. कुणी बोलावलं नव्हतं, तरी आला.

खात्याबाबाची जीभ म्हणजे भिलाटीचा दिमाख. शिंपी तोंडात टाकली की कुठल्या पाण्याची ते सांगणार, आणि चुकायचं नाव नाही. मागे पुलाच्या मोजणीला मालवणकडचा एक ओव्हरसियर आला होता. आमच्याकडे कालवं खाऊन खाडी ओळखतात, अशी ऐट मारत होता. त्यानं म्हाताऱ्यापुढं तीन ठिकाणच्या शिंपल्या ठेवल्या. बाबानं डोळे मिटून तिन्ही ओळखल्या, वर एक शिळी आहे म्हणून साहेबालाच झापलं. साहेबानं गुपचूप विड्यांचं बंडल काढून दिलं. तेव्हापासून तर बाबा कुणाला ऐकायचाच नाही. एक विचारलं की चार नद्यांच्या चवी सांगत बसायचा.

"माले द्या," बाबा म्हणाला. "मी सांगसू."

त्याला रेवाबाईची दया आली असावी. रायसिंगालाही बरं वाटलं. एका बाईला हाकलून देणं त्याच्या जिवावर आलं होतं, आणि आता निदान निवाडा त्याच्या एकट्याच्या माथी राहणार नव्हता.

निखारे आणले. शिंपल्या तडतडल्या, उघडल्या. बाबानं एक उचलली, बोट भाजलं तशी शिवी हासडली आणि मांस तोंडात टाकलं. तो सावकाश चघळू लागला. सगळी वस्ती त्याच्या जबड्याकडे बघत होती. रेवाबाई तेवढी खाली मातीकडे बघत होती. त्यानं दुसरी खाल्ली.

"तापीनी शिंपी चिखलट लागस," बाबानं सुरू केलं. "नर्मदानी कडक, दात दुखाडस. गोमाईनी बारीक आनि गोड, पन ती गोडी टिकस नही. डोहनी जाड ऱ्हास, जास्ती गोड ऱ्हास, आनि मांगतून जीभना मुळले तुरट येस." त्यानं कचकच लागलेली वाळू बाजूला थुंकली. "हाई ती नही. हाई खालना उतारनीच शे. रेवा खरं बोली ऱ्हायनी. सोडा तिले."

"सुटनी बिचारी!" मागून कुणीतरी बोललं.

कालीबाई पुढं आली, रेवाबाईचा हात धरून खाली बसली आणि ढसाढसा रडली. "मन्हं चुकनं माय, मन्हं चुकनं," एवढंच तिला म्हणता आलं. एकीनं मडकं उचलून पुन्हा झोपडीत नेऊन ठेवलं. माणसं उठू लागली. खात्याबाबाही काठी शोधू लागला.

रेवाबाई मात्र उठली नाही. पोर गेल्यापासून तिनं कुणाच्या तोंडाकडे नीट पाहिलं नव्हतं. आता मान वर करून ती म्हाताऱ्याकडे बघत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "डोहनी शिंपी मांगतून तुरट लागस, हाई तुले कसं माहीत?"