निकाल नव्व्याण्णव टक्के

साहेबांनी प्रोजेक्टरने भिंतीवर तक्ता पाडला आणि सगळ्यात आधी लाल पट्टीवर बोट ठेवलं.

“ही तुमची गळती, बाई. निम्मा पट गळालाय. अशी शाळा चालवायची तरी कशाला?”

बाई त्या शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळा सरकारीच, पण माडीवरच्या तीन खोल्यांची. दुसरीकडे न टिकलेली मुलं इथे यायची. शिक्षण खात्याचे साहेब ही शाळा बंद करून रस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत मिसळायला आले होते. सोबत त्या मोठ्या शाळेचे सर. चेहरा सांत्वनाला आल्यासारखा, आणि मनात गुदगुल्या. या तीन खोल्या त्यांना प्रयोगशाळेसाठी हव्या होत्या.

साहेबांनी पुढचं चित्र लावलं. गोल, रंगीत, पोळीसारखे तुकडे केलेलं. “कामावर जाणारी मुलं. पालक नसलेली. घरी वेगळी भाषा बोलणारी. आणि हे काय, लेकुरवाळ्या?” साहेबांना हसू आलं.

शेवटच्या बाकावरची मुलगी हसली नाही. तिची लेक तिच्या मांडीवर झोपली होती. तिचा दहावीचा गणिताचा एकच पेपर राहिला होता.

“ही पण गळालेलीच का?” बाईंनी विचारलं.

साहेबांनी लॅपटॉपमध्ये शोधलं. “बाळंतपणात महिन्याच्या वर गैरहजर. नाव गळतीत. परत आली ती नवीन विद्यार्थिनी म्हणून.”

“अहो, ती समोर बसलीय!”

“सिस्टीम तसंच धरते, बाई.”

“चुलीत घाला ती सिस्टीम!”

मुलीने घाबरत विचारलं, “शाळा बंद झाली तर माझा पेपर?”

“मोठ्या शाळेतून देशील की.”

तिने सरांकडे पाहिलं. “तिथूनच तर मला काढलं होतं.”

“काढलं नव्हतं,” सर मऊ आवाजात म्हणाले. “घरच्यांना नीट समजावून सांगितलं होतं.”

झालं, बाईंचं डोकं फिरलं. “समजावून! दरवर्षी परीक्षेच्या तोंडावर तुम्ही कच्ची मुलं वेचून काढता, आईबापांना बोलावता, गोड बोलता आणि दाखला हातात ठेवता. नळ तुमचा फुटका आणि गळती आमच्या नावावर? वर फाटकावर फलक, निकाल नव्व्याण्णव टक्के! लाज कशी वाटत नाही हो?”

“भांडू नका,” साहेब म्हणाले. “निर्णय झालाय. पुढच्या वर्षापासून ही सगळी मुलं सरांच्या पटावर.”

“सगळी?” सरांनी विचारलं.

“मग? अर्धी कुठे ठेवायची?”

“म्हणजे... निकालही एकत्रच लागणार?”

“शाळा एक, निकाल एक.”

सरांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी खुर्ची साहेबांच्या जवळ ओढली. “साहेब, घाई नको. अशा मुलांना कसं, वेगळं वातावरण लागतं. मायेचं. बाई जे करतात ते आमच्याच्याने व्हायचं नाही. अहो, ही शाळा हवीच!” प्रयोगशाळा गेली खड्ड्यात.

साहेबांच्याही आता लक्षात आलं. मोठ्या शाळेचा निकाल घसरला की विभागाचा घसरणार, आणि विभाग त्यांचाच. त्यांनी लॅपटॉप मिटला. “बरं, राहू दे सध्या,” असं म्हणत ते जिना उतरूनही गेले.

“वाचली, बाई!” मुलगी ओरडली. मांडीवरची लेक दचकून रडायला लागली.

बाईंना आनंद होईना. संतापाने त्यांचे कान तापले होते. इथली मुलं शिकतात, उठून उभी राहतात, याचं कुणाला काही नव्हतं. नको असलेली पोरं आणून टाकायला जागा हवी, म्हणून शाळा राहिली होती.

सर दारात थांबले. आता ते मोकळेपणाने हसत होते. “बाई, आत्ताच कानावर घालून ठेवतो. पुढच्या आठवड्यात आमच्याकडची चार मुलं पाठवतोय. जरा कच्ची आहेत, सांभाळून घ्या.”

“पाठवा.” बाई दारापर्यंत आल्या. “एकालाही परत धाडणार नाही. पण तुम्ही स्वतः घेऊन यायचं. आणि इथे, त्या मुलांसमोर उभं राहून मला सांगायचं, का आणलंत ते.”

सरांचं हसू विरलं. ते जिन्याची एक पायरी उतरले. मग हळूच म्हणाले,

“शिपायाबरोबर पाठवली तर चालेल ना?”