टोकाचा फरक

संगणकावर चालणाऱ्या सीएनसी लेथचं कापायचं टूल टोकदार दिसलं तरी त्याचं टोक जरासं गोल असतं. तो फरक प्रोग्राम लिहिणाऱ्याने धरायचा, नाहीतर मशीनला धरायला सांगायचं. शुक्रवारी मी तो प्रोग्राममध्ये धरला होता आणि माझा मेहुणा योखेन याने मशीनलाही धरायला लावला. फरक दोनदा धरला गेला आणि जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, बारीक होऊन भंगारात गेला.

"अरे गाढवा, आधी विचारायचं तरी!" मी अख्ख्या वर्कशॉपसमोर त्याला झापलं.

रविवारी सासूबाईंची सत्तरी होती. माझी बायको उटे सकाळीच केक भाजायला माहेरी गेली. जाताना मला बजावून गेली, "बरोब्बर तीनला ये." मी दर वेळी तासभर उशिरा पोचतो आणि टोमणे खातो, म्हणून या खेपेला घड्याळच गुपचूप तासभर पुढे करून ठेवलं होतं. खऱ्या तीनच्या ठोक्याला मी फुलं घेऊन ऐटीत बेल वाजवली.

दार योखेनने उघडलं. गालांवर दाढीचा फेस. मागे सासूबाई केसांना रोलर लावून गाऊनमध्ये उभ्या.

"दाजी, कार्यक्रम चारला आहे. तुम्हाला उशीर होतो म्हणून ताईने तीन सांगितले होते. आधी विचारायचं तरी!"



'गाढवा' तेवढं त्याने आदरापोटी गिळलं.