राजधानी पाहायला या

पोहे संपले तशी मंदा उठली. "चला, आमचं थाळनेर एके काळी राजधानी होतं, ते दाखवते. तिकीट नाही, नुसता चढ आहे."

पाचोऱ्याहून मुलगी पाहायला आलेली मंडळी हसत तिच्यामागे निघाली. तिने सुलतानांच्या कबरी दाखवल्या, ढासळलेला तट दाखवला, आणि शेवटी सगळ्यांना तापीकडच्या बुरुजावर नेलं.

"इथून वाकून पाहा."

नवरामुलगा देवचंद दोन पावलं पुढे आला आणि मटकन खाली बसला. "मला उंचीची भीती वाटते. तुम्ही पाहा, मी आपला इथूनच पाहतो."

"अरे, निदान मुलीसमोर तरी," त्याचे काका ओशाळून पुटपुटले.

पाहुण्यांची एसटी गेली आणि मंदाचे वडील, झुलालआबा, ओट्यावर डोकं धरून बसले. "तिसरं स्थळ शे हाई, माय. पहिला दोन्हीसले तू नही म्हनी. आते ह्या आपलाले नही म्हनतीन. पाहुनासले किल्ला कशाले दावस तू?"

"किल्ला त्या देखतस, आबा. मी पोऱ्या देखस," मंदा शेजारी टेकली. "त्या दोन्हीसना पाय बुरुजवर लटलट कापेत, तरी म्हने, आम्ही कोनले भीत नही. हाऊ भ्यायना, आन सरळ सांगी दिन्हं. त्यासना कागदनी वाट कशाले देखनी? आपनच पत्र टाकू. माले पसंत शे."